जुनी इमारत, नवा वापर: काय ठेवायचं, काय काढायचं?

रूळवाट

पॅरिसच्या ओर्से म्युझियमचा विषय निघाला की लोक मोने, देगा, व्हॅन गॉग यांच्यावर भरभरून बोलतात, पण ती चित्रं ज्या इमारतीत लागलीयत तिची गोष्ट मला चित्रांइतकीच धरून ठेवते. ती आधी सांगतो, मग एक प्रश्न विचारतो, त्यावर सगळ्यांनी लिहा.

ती जागा मुळात एका जळक्या महालाची. ओर्से पॅलेस नावाची सरकारी इमारत होती तिथे, सरकारी हिशेब तपासणारं खातं त्यात बसायचं. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारच्या, धामधुमीत ती जाळली गेली आणि त्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ सीन नदीच्या काठावर, ऐन शहराच्या मधोमध, नुसते काळे पडलेले अवशेष उभे होते. मग पॅरिस-ऑर्लेआं रेल्वे कंपनीने ती जागा घेतली, कारण त्यांचं ऑस्टरलित्झ टर्मिनस मध्यवस्तीपासून लांब पडायचं आणि १९०० चं जागतिक प्रदर्शन तोंडावर आलेलं. आर्किटेक्ट होते व्हिक्टर लालू. स्टेशन आणि त्याला लागून हॉटेल, सगळं दोन वर्षांत बांधून १४ जुलै १९०० ला उद्घाटनसुद्धा झालं. मुख्य हॉल ३२ मीटर उंच, ४० मीटर रुंद, १३८ मीटर लांब. आतला सांगाडा धातूचा, १२,००० टनांचा, म्हणजे आयफेल टॉवरला लागला त्याहून जास्त, पण नदीपलीकडे समोर लूव्र आहे म्हणून बाहेरून सगळा दगडी थाट.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी सांगताना बहुतेक जण विसरतात. या स्टेशनात वाफेचं इंजिन येतच नव्हतं. ऑस्टरलित्झला वाफेचं इंजिन काढून विजेचं लावायचे आणि उरलेलं अंतर गाडी विजेवर जमिनीखालून यायची. सोळा रूळ जमिनीच्या पातळीखाली, सामानासाठी रॅम्प आणि लिफ्ट, माणसांसाठी वेगळ्या लिफ्ट. धूर नाही म्हटल्यावर छताला नक्षीचे चौकोन करता आले, काजळीची भीती न बाळगता वर काच घालता आली, शेजारी उंची हॉटेल चालवता आलं. म्हणजे जी इमारत पुढे म्युझियम व्हायला इतकी सोयीची ठरली ती मुळात विजेच्या गाडीमुळे तशी झालेली. तेव्हाच एदुआर देताय नावाच्या चित्रकाराने म्हणून ठेवलं होतं की हे स्टेशन कलामहालासारखं दिसतंय. शहाऐंशी वर्षं आधी!

आणि गंमत बघा, ज्या विजेने ती घडवली तिनेच तिला निकामी केलं. विजेवरच्या गाड्या लांब होत गेल्या आणि इथले प्लॅटफॉर्म आखूड पडले. १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या बंद, फक्त उपनगरी राहिल्या. चाळीस वर्षंसुद्धा पूर्ण नाही झाली. मग युद्धात कैद्यांना पार्सलं पाठवायचं केंद्र. युद्ध संपल्यावर तेच कैदी परत आले तेव्हा त्यांना उतरवून घेतलं ते याच हॉलमध्ये. १९५८ मध्ये फ्रान्सचा नेता द गॉलने सत्तेवर परतायची तयारी जाहीर केली ती पत्रकार परिषद हॉटेलच्या नाचघरात. ऑर्सन वेल्सने काफ्काच्या ‘द ट्रायल’चं शूटिंग इथे केलं. नंतर एका नाटक कंपनीने हॉलच्या आत लाकडी थिएटर उभारलं, लिलाववाले येऊन राहिले. हॉटेल १ जानेवारी १९७३ ला बंद.

दरम्यान ती पाडून तिथे मोठं आधुनिक हॉटेल करायचं चाललं होतं, अगदी गंभीरपणे. ती वाचली त्याचं एक कारण म्हणजे १९७१ मध्ये पॅरिसच्या जुन्या ले आल मार्केटचे लोखंडी मंडप पाडायला घेतले आणि लोक हळहळले, संतापले. त्या एका नुकसानीने दुसरी इमारत वाचवली असं मी मानतो. ८ मार्च १९७३ ला स्टेशन संरक्षित यादीत आलं, २० ऑक्टोबर १९७७ ला म्युझियमचा सरकारी निर्णय, १९७८ मध्ये ऐतिहासिक वास्तूचा पूर्ण दर्जा. आतलं काम इटलीच्या गाए औलेंती या बाईंनी केलं आणि ९ डिसेंबर १९८६ ला लोकांसाठी दारं उघडली.

माझा प्रश्न: इमारतीला नवं काम देताना जुनं काम किती दिसायला हवं? माझं म्हणणं, जुनं काम आत शिरल्यावर कोणी न सांगता कळलं पाहिजे. ओर्सेमध्ये कळतं. हॉल तोच, घड्याळं तीच, मधली वाट जिथून गाड्या यायच्या त्याच दिशेने जाते. पण सगळीकडे हे शक्य आहे का, आणि त्याची किंमत कोण देतं, ते इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

चुनागच्ची

छान धागा. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते त्यामुळे मला पहिला प्रश्न वेगळाच पडतो, की ती इमारत नव्या वापराचं वजन घेईल का.

लोक म्हणतात हॉल मोठा आहे, लायब्ररी करा. अहो, राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात आणि पुस्तकांच्या रॅकसाठी ६०० किंवा त्याच्या वर धरावे लागतात. म्हणजे सुंदर जुना बंगला घेऊन त्याच्या पहिल्या मजल्यावर पुस्तकं ठासली तर तो बंगला तुम्ही वाचवला नाहीत. उलट जुन्या कापड गिरण्या, गोदामं यांचे मजले यंत्रांच्या आणि मालाच्या वजनासाठी बांधलेले, वर विजेचे दिवे येण्याआधीच्या गिरण्यांना उजेडासाठी मोठाल्या खिडक्या, खांब ठरावीक अंतरावर. त्यामुळे गिरणीचं घर, ऑफिस, शाळा काहीही होतं, ती घेते सगळं. जुन्या गिरण्यांचे जाड लाकडी वासे तर आगीतही पातळ पत्र्याच्या सांगाड्यापेक्षा जास्त वेळ तग धरतात, कारण वरचा थर कोळसा होतो आणि आतलं लाकूड काही काळ वाचतं.

ऑफिसच्या टॉवरचं घर करणं मात्र फार अवघड. बाहेरून वाटतं मजले तयार, भिंती घाला की झालं. पण मजला इतका खोल असतो की मधल्या भागात खिडकी पोचत नाही आणि सगळे संडास-बाथरूमचे पाइप एकाच गाभ्याजवळ, ते प्रत्येक घरात न्यायचे कसे?

दुसरं म्हणजे चुना. जुनी भिंत चुन्याची असेल तर तिच्यात ओल येते-जाते, ती भिंत त्यावरच जगते. तिला वरून कडक सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साठतात आणि वीट भुसभुशीत होऊन झडते. वरून चकचकीत, आतून पोखरलेली. नव्या वापराच्या घाईत हे सगळ्यात जास्त होतं कारण उद्घाटनाची तारीख ठरलेली असते आणि चुना सुकायला वेळ मागतो. मला याचा मनापासून राग येतो.

रूळवाट, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जुनं किती दिसतं यापेक्षा नवं किती सहज काढता येतं ते बघावं. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टला तेराव्या शतकातलं डोमिनिकन चर्च आहे, १७९४ मध्ये फ्रेंचांनी शहर घेतल्यावर त्याचं चर्चपण संपलं, नंतर त्यात काय काय झालं, सायकलीसुद्धा ठेवायचे. २००६ मध्ये त्यात पुस्तकांचं दुकान आलं. दुकानाला १,२०० चौरस मीटर जागा हवी होती आणि जमिनीवर मिळत होती ७५० च्या आसपास. मजला टाकून चर्चची उंची मारण्याऐवजी त्यांनी एका बाजूला काळ्या पोलादाचं उंचच उंच, जिने असलेलं कपाट उभं केलं, ज्यात माणसं चढून फिरतात. ते दगडी खांबांवर टेकत नाही, स्वतःच्या पायावर उभं आहे. उद्या दुकान गेलं तर कपाट खोलून नेता येईल आणि चर्च होतं तसं.

---

विद्युल्लता

+१ चुनागच्ची, चुन्याबद्दल जे लिहिलंत ते दहा वेळा लिहा.

मी लंडनच्या बँकसाइड पॉवर स्टेशनबद्दल लिहिते, आताचं टेट मॉडर्न कलासंग्रहालय. जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचं डिझाइन, दोन टप्प्यांत बांधलं, १९४७ ला सुरू आणि १९६३ ला पूर्ण. तेलावर चालायचं. नदीपलीकडे सेंट पॉल कॅथेड्रल असल्याने धुराडं मुद्दाम बेतात ठेवलं, ९९ मीटर, म्हणजे कॅथेड्रलच्या घुमटापेक्षा कमी. पुढे तेल महागलं, एवढं तेल जाळून वीज करणं परवडेना आणि १९८१ मध्ये बंद. पूर्ण झाल्यापासून अठरा वर्षांत! नंतर बरीच वर्षं तशीच पडून, पाडायचीही चर्चा. १९९४ मध्ये टेटने ती निवडली, स्पर्धा झाली, आणि स्पर्धेत बरेच जण इमारतीला काही ना काही मोठं करू पाहत होते तेव्हा हेर्त्सोग आणि द म्यूराँ या स्विस जोडीने आहे ती इमारतच मानायची असं ठरवलं. म्हणून काम त्यांना मिळालं.

सगळ्यात धाडसी निर्णय मला वाटतो तो टर्बाइन हॉल रिकामा ठेवण्याचा. टर्बाइन गेली, तिथे ३५ मीटर उंच आणि दीडशे मीटर लांब पोकळी उरली. कुठलाही व्यवहारी माणूस म्हणाला असता मजले टाका, गॅलऱ्या वाढवा. त्यांनी ती तशीच सोडली आणि उताराने लोकांना आत आणलं. यंत्र केवढं होतं ते त्या रिकामेपणावरून समजतं. मे २००० मध्ये उघडलं. आणि इमारतीच्या एका भागात वीज कंपनीचं सबस्टेशन त्यानंतरही चालूच राहिलं, म्हणजे जुनं काम पूर्ण गेलंच नव्हतं. खालच्या तेलाच्या टाक्या २०१२ मध्ये परफॉर्मन्ससाठी उघडल्या.

याच्या अगदी उलट पद्धत रोममध्ये आहे. चेंत्राले मोंतेमार्तिनी, १९१२ चं वीजघर. १९९७ मध्ये शहराच्या म्युझियमचं काम निघालं म्हणून तिथले प्राचीन पुतळे तात्पुरते या वीजघरात नेऊन ठेवले, यंत्रं न हलवता. काळी अवाढव्य डिझेल इंजिनं आणि त्यांच्यापुढे पांढऱ्या संगमरवरी देवता. लोकांना ते इतकं आवडलं की तात्पुरतं कायमचं झालं. यंत्र काढून पोकळी दाखवायची की यंत्र ठेवून त्याच्याशेजारी नवं मांडायचं, दोन्ही प्रामाणिक आहेत.

---

अर्धविराम

तुम्ही सगळे शंभर-दीडशे वर्षांच्या इमारतींवर बोलताय, मी थोडं मागे नेतो.

मागच्या काळात कोणी ‘संवर्धन’ म्हणून वापर बदलत नव्हतं, आहे ती भिंत फुकट जाऊ द्यायची नाही एवढंच. क्रोएशियात स्प्लिटला रोमन सम्राट डायोक्लेशियनचा महाल, इ.स. ३०० च्या सुमारास बांधलेला. सातव्या शतकात जवळचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं आणि तिथले लोक जीव वाचवून या महालाच्या भिंतींमध्ये येऊन राहिले. दालनांची घरं झाली, वाटांचे रस्ते झाले, आणि आजही तिथे लोक राहतात, कपडे वाळत घालतात. सम्राटाची समाधी होती तिचं कॅथेड्रल झालं, आणि ते ज्या संत दोम्नियसच्या नावाने ओळखतात तो डायोक्लेशियनच्याच छळात मारला गेला होता. इतिहास असा पलटलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता फ्रान्समधलं आर्ल. तिथलं रोमन अँफिथिएटरही असंच. साम्राज्य संपल्यावर लोक आत शिरले, कमानी बुजवल्या, वर टेहळणीचे मनोरे बांधले, आत दोनशेच्या वर घरं आणि दोन चॅपल. चक्क एक गाव. मग एकोणिसाव्या शतकात ठरलं की हे रोमन स्मारक आहे, आणि सगळी घरं काढून टाकली. आज तुम्ही जे स्वच्छ रोमन अँफिथिएटर बघता त्यातून हजार-बाराशे वर्षांचं राहणं पुसलंय.

स्प्लिटला थर राहिले, आर्लला खरवडले. मला आर्लची हळहळ वाटते. पण खरवडलं नसतं तर मूळ रचना कळली असती का, तेही आहेच.

आणि वापर टिकवतो म्हणतात ते खरंय, रोमचं पँथिऑन ६०९ मध्ये चर्च झालं म्हणून तर उरलं. इस्तंबूलची आया सोफिया तर बघाच, आधी चर्च, ५३७ मधलं बांधकाम, नंतर १४५३ मध्ये मशीद, १९३५ मध्ये म्युझियम, २०२० मध्ये परत मशीद. या बदलांवर लोकांच्या भावना तीव्र आहेत आणि त्या मला समजतात, पण बांधकामापुरतं बोलायचं तर ज्याने वापरली त्याने तिची डागडुजी केली. ऑटोमन वास्तुकार सिनानने सोळाव्या शतकात तिला बाहेरून आधाराचे दगडी टेकू दिले, १८४७ ते १८४९ फोसाती बंधूंनी मोठी दुरुस्ती केली. भूकंपाच्या शहरात जवळपास दीड हजार वर्षं इमारत उभी आहे ती काही आपोआप नाही.

पण वापर मारतोसुद्धा. अथेन्सचं पार्थेनॉन देऊळ होतं, चर्च झालं, मशीद झाली, आणि इथपर्यंत जवळपास सगळं उभं होतं. मग त्यात दारूगोळा ठेवला. २६ सप्टेंबर १६८७ ला व्हेनिसच्या सैन्याचा गोळा त्यावर पडला आणि दोन हजार वर्षं उभी असलेली इमारत एका क्षणात फुटली. आज आपण जे भग्न पार्थेनॉन बघतो ते काळाने नाही केलेलं, गोदाम म्हणून केलेल्या वापराने केलेलं आहे.

---

पायवाट

सगळं वाचलं, माहिती छानच आहे, पण मला एक खटकतंय आणि ते स्पष्ट लिहितो. इतका वेळ आपण भिंती, चुना, हॉल, धुराडी याबद्दल बोलतोय. त्या इमारतीत ज्यांनी काम केलं ते लोक कुठायत?

वीजघरात, गिरणीत, गॅसच्या कारखान्यात माणसं शिफ्टमध्ये राबली, त्यांना दमा झाला, हात गेले. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांचा पगार गेला. मग वीस वर्षांनी तिथे गॅलरी येते, विटा पॉलिश करून ठेवतात, कॅफेत जुना गिअर शोभेला टांगतात, आणि आजूबाजूच्या वस्तीचं भाडं असं वाढतं की त्याच कामगारांची मुलं तिथे राहू शकत नाहीत. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये हेच झालं. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांची कारखान्यांची इमारतींमागून इमारत, उद्योग निघून गेले, १९६० च्या दशकात कलाकार स्वस्त म्हणून राहायला आले, तेही बेकायदा. १९७१ मध्ये शहराने कलाकारांना राहायची परवानगी दिली, १९७३ मध्ये भाग संरक्षित झाला, आणि नंतर तो इतका महाग झाला की कलाकारही गेले. इमारती सगळ्या जशाच्या तशा आहेत. माणसांचे दोन थर गेले.

तेव्हा ‘जुनं काम कळलं पाहिजे’ म्हणताना काम म्हणजे यंत्र एवढंच धरू नका.

---

रूळवाट

पायवाट, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता, बरं झालं लिहिलात. मला यावर एक उदाहरण फार मोलाचं वाटतं, ब्राझीलच्या साओ पाउलोमधलं सेस्क पोंपेया. पिंपं बनवायचा जुना कारखाना होता. १९७७ मध्ये लीना बो बार्दी या आर्किटेक्ट बाई काम हातात घ्यायच्या आधी तिथे गेल्या तर आजूबाजूची कुटुंबं शेडमध्ये येऊन बसलेली, पोरं पळतायत, फुटबॉल चाललाय, कोणी खाद्यपदार्थ भाजतंय. म्हणजे नवा वापर आधीच सुरू झालेला. त्यांनी ठरवलं की हे जे चाललंय तेच इथे राहायला हवं. शेड ठेवल्या, त्यात वाचनालय, कार्यशाळा, थिएटर, आणि मागे खेळासाठी काँक्रीटचे नवे मनोरे, एकमेकांना पुलांनी जोडलेले. पहिला भाग १९८२, मनोरे १९८६. आणि तिथे संस्था कामगारांच्या करमणुकीसाठीच चालते, त्यामुळे दारात तिकीट घेऊन इमारत बघायला येणाऱ्या पाहुण्यापेक्षा वस्तीतला माणूस मालक असल्यासारखा वावरतो.

माझ्या मते नवं काम कोणी ठरवलं हा प्रश्न वास्तुरचनेइतकाच मोठा. त्याच वेळी मी हेही म्हणेन की पाडली असती तर त्या कामगारांची आठवण सांगायला तेवढंही उरलं नसतं. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, आज त्या खांबांमधून चालता येत नाही, फक्त फोटो. त्याच्या धक्क्याने १९६५ मध्ये शहराने वारसा इमारतींचा कायदा केला. प्रत्येक ठिकाणी कायदा येतो तो एक मोठी इमारत गेल्यावरच, हे मला सलत राहतं.

---

चुनागच्ची

वर कोणी दर्शनी भिंतीचा विषय काढला नाही म्हणून काढते. आजकाल फार ठिकाणी काय होतं, रस्त्याकडची भिंत तेवढी पोलादी टेकू देऊन उभी ठेवायची, मागचं सगळं भुईसपाट, आणि मग त्या भिंतीमागे वीस मजले. कागदावर ‘वारसा जपला’. नाही जपला. जिना गेला, लाकडी तुळया गेल्या, खोल्यांची मापं गेली, उरला तो मुखवटा. खिडकीच्या मागे मजल्याची स्लॅब आडवी दिसते तेव्हा तर बघवत नाही.

पण मी सरसकट नावं ठेवणार नाही. व्हिएन्नाचे गॅसोमीटर बघा. १८९६ ते १८९९ मध्ये बांधलेल्या चार विटांच्या प्रचंड गोल टाक्या, ७० मीटर उंच. नैसर्गिक वायू आल्यावर गरज संपली, १९८४ मध्ये बंद. आत होतं काय, तर गॅस. खोल्या नाहीत, मजले नाहीत, जपण्यासारखं आतलं अंगच नव्हतं. त्यामुळे विटांचं कवच ठेवून आत चार वेगवेगळ्या आर्किटेक्टनी घरं केली, २००१ पर्यंत लोक राहायला आले. इथे कवच हीच इमारत होती. केप टाउनच्या धान्याच्या सायलोचंही तसंच, १९२४ चा, काँक्रीटच्या ४२ उभ्या नळ्या. डिझायनर हेदरविकच्या ऑफिसने नळ्यांना आतून काँक्रीटचं नवं अस्तर दिलं आणि मग धान्याच्या दाण्याच्या आकाराची पोकळी त्यातून कापून काढली. २०१७ मध्ये झाइत्स म्युझियम उघडलं. कापलेल्या नळ्यांच्या कडा तुम्हाला दिसतात, आत काय होतं ते कळतं. थोडक्यात आतलं अंग आहे का, हे आधी तपासा.

आणि जिथे गॅस बनवायचे त्या कारखान्यांची जमीन! डांबर, बेंझिन, सायनाइडची संयुगं मातीत खोलवर मुरलेली असतात. जुन्या वीजघरांत पाइपांभोवती अॅसबेस्टॉस, जुन्या रंगात शिसं. हे साफ करण्याचा खर्च बांधकामाआधीच येतो आणि त्यातच बरेच चांगले प्रस्ताव मरतात. ज्याला पर्यावरणासाठी म्हणून जुनी इमारत वापरायचीय त्याचं मी स्वागतच करते, सिमेंट आणि पोलाद बनवताना जो कार्बन हवेत गेला तो गेलाच आहे, पाडून नवं बांधणं म्हणजे तो परत सोडणं, पण ही साफसफाई टाळून नाही.

---

निळी_शाई

तुरुंगांबद्दल कोणी बोललं नाही. जगात कित्येक जुन्या तुरुंगांची महागडी हॉटेलं झालीत. बॉस्टनचा १८५१ चा चार्ल्स स्ट्रीट तुरुंग, २००७ पासून उंची हॉटेल. इमारत सुरेख आहे, मधला अष्टकोनी भाग जपलाय, सगळं मान्य. पण जिथे माणसं कोंडली, जिथली गर्दी आणि हालत इतकी वाईट होती की कोर्टाला बंद करायला सांगावं लागलं, तिथे कोठडीची थीम करून जेवायला बोलावणं मला पटत नाही. काही जागांना काही वापर शोभत नाहीत.

आणि मग जोहान्सबर्गचं कॉन्स्टिट्यूशन हिल. जुना किल्ला आणि तुरुंग, गांधीजीही तिथे कैदेत होते आणि मंडेलाही. वर्णभेदाचं राज्य संपल्यावर देशाचं घटनात्मक न्यायालय कुठे बांधायचं यावर त्यांनी हीच जागा निवडली. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, पण तिचे चार जिने उभे ठेवले आणि तिच्या विटा नव्या कोर्टाच्या दालनात वापरल्या. २००४ पासून कोर्ट तिथे बसतं. म्हणजे नागरिकाच्या हक्कांचा निकाल देणारे न्यायाधीश रोज त्या विटांसमोर बसतात. काय काढायचं आणि काय ठेवायचं याचा इतका विचारपूर्वक घेतलेला निर्णय मी दुसरीकडे वाचलेला नाही. इथे तर पाडणंही आहे, पण त्यामुळे आठवण पुसली गेली नाही.

---

अर्धविराम

निळी_शाई, हे अप्रतिम. जिन्यांचं माहीत नव्हतं.

१९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात, म्हटलंय की वास्तूचा समाजाला उपयोग होत राहिला तर तिचं जतन सोपं जातं, पण त्या वापराने तिची मांडणी किंवा सजावट बदलता कामा नये. या मापाने मोजलं तर सायलो, गॅसोमीटर सगळेच नापास होतील. कारखान्यांना तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही असं मला वाटतं, त्या मुळात कामासाठी बदलत राहणाऱ्याच इमारती. तुरिनची फियाटची लिंगोत्तो फॅक्टरी आठवा, कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, गाडी मजल्यामजल्याने वर चढत तयार व्हायची आणि थेट गच्चीवरच्या ट्रॅकवर चाचणीला. १९८२ मध्ये ती बंद झाली, आर्किटेक्ट रेन्झो पियानोने तिच्यात हॉटेल, सभागृह, दुकानं, विद्यापीठाचे वर्ग असं सगळं बसवलं. गच्चीवरचा ट्रॅक आणि गोल रॅम्प ठेवले. तेवढं ठेवलं तरी कारखाना कसा चालायचा ते पूर्ण समजतं.

---

पायवाट

लिंगोत्तोतल्या कामगारांबद्दलही कोणी लिहा. बाकी साओ पाउलोचं उदाहरण पटलं, रूळवाट. कॉन्स्टिट्यूशन हिलचं तर फारच. तिथे कैदेत राहिलेल्यांना बोलावून त्यांच्या आठवणी नोंदवल्यात आणि प्रदर्शनात त्या त्यांच्याच शब्दांत ऐकवतात असं वाचलंय, माझा आग्रह तोच होता. वीजघर आणि गिरण्यांनाही हे करता येईल की. पेन्शनर लोक हयात आहेत तोवर करायला हवं.

---

विद्युल्लता

धागा वाचनखुणांत टाकला. रूळवाट, एक विचारायचं राहिलं, ओर्सेमध्ये गाड्या पूर्ण बंद झाल्या की खाली काही चालू आहे?

---

रूळवाट

चालू आहे! हे मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं चांगलं आहे. उपनगरी गाड्या कधी थांबल्याच नाहीत. ओर्से हे टोक होतं, नदीच्या काठाने थोडं पुढे अँव्हालीद हे दुसऱ्या मार्गाचं टोक, मधला तुकडा जोडलेला नव्हता. तो जमिनीखालून खोदून १९७९ मध्ये जोडला आणि आजची आरईआर सी लाइन, म्हणजे पॅरिसच्या उपनगरी रेल्वेचा एक मार्ग, झाली. म्हणजे वर म्युझियम व्हायची तयारी चालली होती तेव्हाच खाली रेल्वेचं कामही वाढत होतं. म्युझियमला जायला आज तुम्ही त्याच गाडीने जाऊ शकता, स्टेशनचं नावही म्युझे द'ओर्सेच आहे. प्लॅटफॉर्म आखूड पडले ते लांब पल्ल्याच्या गाड्यांना.

पायवाट, पेन्शनरांच्या मुद्द्यावर वेगळा धागा काढा, मी रेल्वेवाल्यांकडून लिहायला बसतो.